मराठी लेखिकांच्या कादंबऱ्यांतील भाषा व स्त्रीवाद

मराठीत स्त्रियांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांत स्त्रीच्या दुय्यम स्थानाची जाणीव ज्या शब्दांतून, वाक्यरचनांतून आणि निवेदनपद्धतींतून प्रकट झाली, त्यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. ‘स्त्रीवाद’ ही संज्ञा मराठीत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या (१९७५) सुमारास व त्यानंतर रूढ झाली. तथापि तिने निर्दिष्ट होणारी जाणीव मराठी लेखनात तत्पूर्वी सुमारे शंभर वर्षे आढळते. या लेखिकांपुढे परकीय भाषेचा प्रश्न नव्हता. त्या मातृभाषेतच लिहीत होत्या. परंतु ग्रंथांची मराठी एकोणिसाव्या शतकात शास्त्री, पंडित व इंग्रजी शिकलेले पुरुष यांनी घडविली होती आणि घरातील, जात्यावरील व पाणवठ्यावरील स्त्रियांची मराठी तीत क्वचितच आली होती. त्यामुळे लेखिकेला आपल्याच भाषेत स्वतःचे शब्द शोधावे लागले. हा शोध म्हणजेच मराठी स्त्रीवादी कादंबरीचा भाषिक इतिहास होय.

भाषिक पार्श्वभूमी : मराठीच्या व्याकरणात लिंगभेद क्रियापदापर्यंत पोहोचतो. इंग्रजीत ‘मी’ म्हणणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी जाते’ किंवा ‘मी गेले’ असे म्हणताच बोलणारी स्त्री असल्याचे स्पष्ट होते. मात्र ‘मी पत्र वाचले’ यासारख्या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते व बोलणाऱ्याचे लिंग लपते. ‘आम्ही गेलो’ हे अनेकवचन तर स्त्रिया व पुरुष या दोघांसाठी एकच आहे. म्हणजे एकटी स्त्री भाषेत स्त्री म्हणून दिसते, पण स्त्रियांचा समूह स्वतःविषयी बोलू लागला की ते रूप नाहीसे होते. बोलींत याहून निराळे प्रकार आहेत. कोल्हापूर भागातील मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात, तर कोकणीत लहान व तरुण मुलींसाठी नपुंसकलिंगी रूपे योजण्याची रीत आहे. प्रथमपुरुषी निवेदनाची कादंबरी लिहिताना या वैशिष्ट्यांना महत्त्व प्राप्त होते. कारण निवेदिकेला स्त्रीत्व झाकून फार काळ बोलता येत नाही.

व्याकरणापेक्षा सामाजिक संकेतांचा भार अधिक होता. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, हा दंडक सर्वत्र होता. ते घेण्यास उखाण्याची पळवाट होती. जुन्या ब्राह्मणी घरांत पत्नी ‘इकडून येणे झाले’ अशा भावे रचनेने पतीचा उल्लेख करी. पती पत्नीस ‘अगं’ म्हणे व ती त्यास ‘अहो’ म्हणे. विवाहानंतर नाव बदले आणि नावाआधी ‘सौ.’ अथवा वैधव्य आल्यास ‘गं. भा.’ लागे, पुरुषाच्या नावावरून मात्र त्याची वैवाहिक स्थिती कधीच कळत नसे. मासिक पाळीसाठी ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’ असे आडून बोलणारे वाक्प्रचार होते. शिव्या बहुधा स्त्रीच्या शीलावरून दिल्या जात. यांखेरीज स्त्रियांची मौखिक परंपरा समृद्ध होती. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे, जनाबाईंचे अभंग आणि असंख्य अनाम स्त्रियांच्या ओव्या यांतून स्त्रीचा स्वर शतकानुशतके ऐकू येत होता; परंतु कादंबरी हा छापील व गद्य प्रकार असल्याने ही परंपरा तीत आपोआप उतरली नाही.

प्रारंभकाळ : मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हिंदू विधवांच्या दुःस्थितीविषयी आहे. स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी साळूबाई तांबवेकर यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ (१८७३) ही होय. ती तत्कालीन अद्भुतरम्य कथांच्या वळणाची आहे. स्त्रीच्या बोलण्याची धार प्रथम उमटली ती मात्र कादंबरीत नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध घरगुती बोलण्याच्या लयीत, म्हणी व उपरोध यांच्या आधारे पुरुषांना थेट प्रश्न विचारतो. पुढे तो विस्मृतीत गेला व १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. मधल्या काळातील कादंबरीकार लेखिकांना या गद्याचा वारसा लाभला नाही.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती यमुना या तरुणीच्या आत्मनिवेदनाच्या स्वरूपात आहे. माजघरातील स्त्रियांचे बोलणे, त्यांचे टोमणे व हुंदके मराठी कादंबरीत प्रथम विस्ताराने आले ते अशा रीतीने एका पुरुषाच्या लेखणीतून. आपटे यांच्याशी वाङ्मयीन स्नेह असलेल्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) विवाहानंतर पतीच्या प्रोत्साहनाने लिहावयास शिकल्या. त्यांच्या ‘रंगराव’ (१९०३) व ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) या कादंबऱ्यांची भाषा सुघड, प्रौढ व काहीशी ग्रांथिक आहे. ‘पालखीचा गोंडा’ मध्ये वैभवाच्या मोहाने लावलेल्या एका विजोड विवाहातून राज्यकारभार नायिकेच्या हाती येतो व स्त्रियांना शिक्षण आणि अधिकार देणारे राज्य उभे राहते. विचाराच्या दृष्टीने ही कादंबरी धीट आहे. तिची शैली मात्र मर्यादशील राहिली. विचार पुढे आणि भाषा मागे, हे अंतर या टप्प्याचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

टोपणनाव व स्पष्टोक्ती : हे अंतर १९३० नंतर कमी होऊ लागले. शिक्षण घेऊन नोकरी करणाऱ्या अविवाहित स्त्रियांची पहिली पिढी या सुमारास उदयास आली होती. किर्लोस्कर समूहाचे ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये सुरू झाले. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध होताच महाराष्ट्रात खळबळ उडाली व लेखिका कोण याविषयी तर्क सुरू झाले. बाळूताई खरे, म्हणजेच विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१), यांचे ते टोपणनाव होते. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या त्यांच्या कादंबरीत पतीने टाकलेली स्त्री विवाहबाह्य सहजीवनाचा विचार करते. ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) मध्ये दैनंदिनीचा आकृतिबंध वापरला आहे.

या लेखनातील भाषिक बदल दोन प्रकारचा आहे. एक, स्त्रीच्या शारीरिक व मानसिक ओढीचा उल्लेख अलंकारांच्या आडून न करता साध्या विधानांत केला गेला. ज्या गोष्टींविषयी स्त्रीने बोलावयाचे नाही असा संकेत होता, त्यांविषयी ती शांतपणे बोलू लागली. क्षोभाचे कारण विषयाइतकेच हा शांतपणाही होता. दोन, दैनंदिनी व स्वगत यांसारख्या खाजगी लेखनप्रकारांचा आधार घेतल्याने वाक्ये तुटक, साशंक व स्वतःलाच प्रश्न विचारणारी झाली. मात्र ही स्पष्टोक्ती टोपणनावाच्या आश्रयानेच शक्य झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे ‘बळी’ (१९५०) या कादंबरीत त्यांनी मध्यमवर्गाबाहेर पाऊल टाकले. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतीत त्यांनी अधिकारी म्हणून काम केले होते. त्या तारेच्या कुंपणाआडचे मांग-गारुडी समाजाचे जीवन या कादंबरीचा विषय आहे.

गीता साने (१९०७–१९९१) यांची वाट निराळी होती. ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ (दोन्ही १९३६), ‘हेरलेला नवरा’ व ‘लतिका’ या कादंबऱ्यांत त्यांनी विवाहसंस्थेची चिकित्सा केली. भावनेपेक्षा युक्तिवादावर त्यांचा भर असून स्त्रीच्या दास्याचे मूळ त्या आर्थिक परावलंबनात शोधतात. ‘हेरलेला नवरा’ हे शीर्षक भाषिक दृष्ट्या सूचक आहे. पाहणे, निवडणे, पसंत करणे या क्रियांचा कर्ता रूढ मराठीत पुरुष असतो व मुलगी ‘दाखविली’ जाते. येथे नवरा कर्माच्या जागी आला आहे. चिकित्सकांनी त्यांच्या लेखनास प्रचारकी म्हटले. त्यांच्या कादंबऱ्यांत वादसंवाद अनेकदा कथेवर मात करतात हे खरे; परंतु स्त्रीपात्राच्या तोंडी तर्काची भाषा देणे हेही त्या काळी नवे होते.

१९७५ नंतरचे वळण : स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत लेखिकांच्या कादंबऱ्या संख्येने वाढल्या, तरी बहुतेकांचा ओघ कौटुंबिक मनोरंजनाकडे राहिला. या पार्श्वभूमीवर कमल देसाई (१९२८–२०११) यांचे लेखन अपवादात्मक ठरते. ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ (१९७५) या एकत्रित प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबऱ्यांत वास्तव व कल्पित यांतील सीमा पुसट होतात आणि कार्यकारणाच्या सरळ साखळीऐवजी प्रतिमांच्या आधारे निवेदन चालते. शीर्षकातील ‘बाई’ हा शब्द मराठीत शिक्षिका, मोलकरीण, प्रतिष्ठित स्त्री व कोणतीही स्त्री या सर्वांना लागू पडतो. तिच्या डोक्यावर पुरुषी व परदेशी ‘हॅट’ येताच परिचित शब्द अपरिचित होतो. स्त्रीला नेमून दिलेले अर्थ नाकारणारी ही भाषा दुर्बोध मानली गेली. तिचे महत्त्व पुढील काळात अधिक उमगले.

याच सुमारास महाराष्ट्रात स्त्रीमुक्तीची चळवळ संघटित होत होती. स्त्री मुक्ती संघटनेची स्थापना १९७५ मध्ये झाली; ‘मिळून साऱ्याजणी’ हे मासिक विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केले. चळवळीने अनेक शब्दांकडे संशयाने पाहावयास शिकविले. विवाहितेचे ‘सौ.’, विधवेचे ‘गं. भा.’, बलात्कारासाठी योजला जाणारा ‘अब्रू जाणे’ हा वाक्प्रचार आणि घरकामाला ‘काम’ न म्हणण्याची सवय यांवर चर्चा झाली.

गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांच्या लेखनावर या वातावरणाची छाया आहे; परंतु त्यांची शैली स्वतंत्र आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नात व इरावती कर्वे यांच्या कन्या असलेल्या गौरी देशपांडे यांनी आरंभी इंग्रजीतून कविता लिहिल्या. ‘एकेक पान गळावया’ (१९८०), ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (१९८५), ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ (१९८९), ‘मुक्काम’ (१९९२) आदी पुस्तकांत त्यांनी दीर्घकथा व कादंबरी यांच्या सीमेवरील प्रकार हाताळला. त्यांच्या नायिका सुशिक्षित, बहुधा देशोदेशी वावरणाऱ्या व स्वतःवरही हसणाऱ्या आहेत. आजीबाईंच्या तोंडचा ठसकेबाज शब्द, संस्कृत पद, इंग्रजी वाक्यखंड व आधुनिक शहरी बोलणे ही सर्व एकाच परिच्छेदात नांदतात. विनोद व उपरोध ही पुरुष लेखकांची मिरासदारी मानली जाई; ती मोडून स्त्रीच्या दुःखाची भाषा रडवी असलीच पाहिजे, हा संकेत त्यांनी निकालात काढला. त्यांचा परीघ उच्च मध्यमवर्गापुरता मर्यादित आहे, हा आक्षेपही रास्त आहे.

सानिया यांच्या ‘स्थलांतर’ (१९९४), ‘आवर्तन’ (१९९६) व ‘अवकाश’ (२००१) या कादंबऱ्यांची भाषा याउलट संयत, चिंतनशील व अलंकारविरहित आहे. शीर्षकांतील अमूर्त नामे सूचक आहेत. संघर्षाच्या घोषणेपेक्षा नात्यांतील अंतर व स्वतःची जागा यांचे भान त्यांतून प्रकटते. शांता गोखले यांनी शिक्षणाचा मोठा भाग इंग्रजीतून पूर्ण केला असूनही ‘रीटा वेलिणकर’ व ‘त्या वर्षी’ या कादंबऱ्या मराठीत लिहिल्या व नंतर त्यांची इंग्रजी भाषांतरे स्वतःच केली. कुटुंबाचा भार वाहणाऱ्या रीटाचे मन कोलमडते आणि तिची भाषाही तुटते. मोडलेल्या वाक्यांतून स्वतःला पुन्हा जुळविणे हा त्या कादंबरीचा गाभा आहे.

२००५ हे वर्ष दोन कादंबऱ्यांमुळे लक्षणीय ठरले. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’ चे शीर्षक विवाहविधीतील संस्कृत प्रतिज्ञेतून आले आहे. धर्म, अर्थ व काम यांबाबत पत्नीचे उल्लंघन करणार नाही, या अर्थाचा तो शब्द वर उच्चारतो. वधूने तो उच्चारावयाचा नसतो. स्त्रीने तोच शब्द आपल्या कथनाच्या माथी लिहून प्रतिज्ञेचा कर्ता बदलला. शरीरसंबंधांविषयीची या कादंबरीतील भाषा निःसंकोच व आवेगी असून शिष्ट मराठीत जे शब्द स्त्रीला निषिद्ध होते, ते ती जाणीवपूर्वक वापरते. कविता महाजन (१९६७–२०१८) यांच्या ‘ब्र’ या कादंबरीचे शीर्षक ‘ब्र काढणे’ या वाक्प्रचारातून घेतले आहे. मराठीत हा वाक्प्रचार बहुधा नकारार्थीच येतो. कोणी ‘ब्र’ काढावयाचा नाही, अशी ताकीद दिली जाते. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. आदिवासी भागातील अशा स्त्री-सरपंचांचे अनुभव गोळा करणारी कार्यकर्ती ‘ब्र’ मध्ये निवेदिका आहे. ठराव, अविश्वास, ग्रामसभा या कागदी शब्दांच्या जगात निरक्षर स्त्रीने पद सांभाळावयाचे, म्हणजे सत्तेची भाषाही शिकावयाची, हा पेच या कादंबरीत केंद्रस्थानी आहे. निवेदिका इतर स्त्रियांचे बोलणे ऐकते, नोंदविते व त्या ओघात स्वतःचे मौनही तपासते. एका नायिकेच्या आत्मकथनाऐवजी अनेक स्त्रियांच्या आवाजांनी बनलेली ही रचना मराठीत महत्त्वाची ठरली.

बोली व आत्मकथने : प्रमाण मराठीबाहेरील स्त्रीभाषा मात्र कादंबरीपेक्षा आत्मकथनांतून आली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ मधील बोलके, खट्याळ गद्य हे तिचे पूर्वीचे उदाहरण होय. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे प्रथम ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः व १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) व ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही त्याच प्रवाहातील. या ग्रंथांची शीर्षकेच बोलीतील आहेत. जात व स्त्रीत्व यांचा दुहेरी जाच सांगण्यास प्रमाण भाषा अपुरी पडते, हे त्यांनी सिद्ध केले. बेबी कांबळे यांच्या निवेदनात ‘मी’ पेक्षा ‘आम्ही’ ठळक आहे. व्याकरणाने लिंगहीन असलेले हे सर्वनाम तेथे वस्तीचा व वस्तीतील बायांचा आवाज होते. कादंबरीत प्रतिमा इंगोले यांनी वऱ्हाडीचा केलेला वापर यासारखी उदाहरणे आहेत, पण ती थोडी.

हा अभाव किती मोठा आहे, याची कल्पना एखाद्या लहानशा प्रदेशावरूनही येते. पालघर जिल्ह्यात वसई तालुक्यातील उमेळे व आसपासच्या गावांच्या पट्ट्यात सामवेदी (कादोडी), वाडवळी, आगरी, कोळी व वारली या बोली अल्प अंतरावर नांदत आल्या आहेत. शाळा, चर्चमधील उपासना व छापील मजकूर यांची भाषा दीर्घकाळ प्रमाण मराठी राहिली. वाडीतील कामाची, लग्नगीतांची व बायकांच्या आपसातील बोलण्याची भाषा बोली होती. वारली लोकगीतांचे संकलन कविता महाजन यांनी केले आहे. परंतु अशा बोलींत विचार करणाऱ्या स्त्रीचे मन संपूर्ण कादंबरीभर त्याच भाषेत व्यक्त झाल्याची उदाहरणे दुर्मिळ आहेत. बोली संवादांत येते व निवेदन प्रमाण भाषेत चालते, ही विभागणी म्हणजेच कोण बोलणार व कोण सांगणार, यांची विभागणी होय.

तौलनिक विचार : पश्चिमेकडे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये स्त्रीला स्वतःच्या वाक्याची गरज असल्याचे प्रतिपादिले. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये एलेन सीझू यांनी स्त्रीदेहाशी निगडित लेखनाचा पुरस्कार केला, तर त्याच वर्षी अमेरिकेत रॉबिन लेकॉफ यांचा भाषा व स्त्रीचे स्थान यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठीच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक तुलना आफ्रिकी लेखिकांशी आहे. कारण वसाहतवाद, मौखिक परंपरा व एकत्र कुटुंब यांचे अनुभव दोहोंकडे आहेत. नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांच्या ‘एफुरु’ (१९६६) या कादंबरीत बाजारातील व अंगणातील स्त्रियांच्या गप्पांतूनच कथा पुढे सरकते; इंग्रजी वाक्यांना इग्बो बोलण्याची लय आहे. बुची एमेचेटा यांच्या ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ (१९७९) या कादंबरीचे शीर्षक उपरोधिक असून मातृत्वाच्या गौरवामागील कष्ट ती दाखविते. सेनेगलच्या मारियामा बा यांची याच वर्षी प्रसिद्ध झालेली फ्रेंच कादंबरी एका विधवेने मैत्रिणीस लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या रूपात आहे. झिंबाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्बगा यांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) मध्ये इंग्रजी शिक्षणाने मुलीला मुक्ती मिळते, पण मातृभाषा व आई यांपासून ती दुरावते.

आफ्रिकी लेखिकेपुढे राज्यकर्त्यांची भाषा वाकवून आपलीशी करण्याचा प्रश्न होता. मराठी लेखिकेची भाषा परकी नव्हती. त्यामुळे तिच्यातील परकेपणा सहज ध्यानात येत नसे. दोन्हीकडे उपाय मात्र सारखे दिसतात : पत्र व दैनंदिनी यांसारखे खाजगी प्रकार, बायकांच्या बोलण्याची लय, उपरोध आणि रूढ गौरवशब्दांची उलटतपासणी.

मूल्यमापन : सुमारे दीडशे वर्षांच्या या वाटचालीत मराठी लेखिकांच्या कादंबरीने मर्यादशील ग्रांथिक गद्यापासून टोपणनावाच्या आडची स्पष्टोक्ती, युक्तिवाद, उपरोध, देहाची निःसंकोच भाषा व अनेक स्त्रियांचे एकत्रित कथन असा पल्ला गाठला आहे. प्रत्येक टप्प्यावर नवा विचार रुजण्यासाठी नवे वाक्य घडवावे लागले, असे दिसते. जेथे भाषा जुनीच राहिली, तेथे विचार उपदेशाच्या पातळीवर राहिला. शहरी, शिक्षित स्त्रीला तिचे शब्द बव्हंशी गवसले आहेत. बोली बोलणाऱ्या, श्रमणाऱ्या व दलित-आदिवासी स्त्रियांनी आत्मकथन व लोकगीत यांतून सिद्ध केलेले भाषेचे सामर्थ्य कादंबरीच्या निवेदनात पूर्णांशाने उतरणे, हे या परंपरेपुढील कार्य आहे.